वर्गातल्या भिंती थोड्या गप्प करूया (पहिली-दुसरीच्या वर्गासाठी)

माझ्याकडे पहिली-दुसरीचा जोडवर्ग आहे, जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, दोन्ही मिळून १९ पोरं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी स्वतः उभी राहून वर्ग सजवला होता. मुळाक्षरं, बाराखडी, पाढे, वार, महिने, ऋतू, प्राणी, पक्षी, वाहनं, चांगल्या सवयी, वाहतुकीचे नियम, आणि वर छताला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधून तिला घोटीव कागदाची फुलपाखरं. फार मनापासून केलं होतं, गावातले लोक बघायला आले, फोटो काढले, सगळ्या ग्रुपवर गेले. शाळा सुरू झाली आणि एक दिवस मी फळ्यावर कमळ शब्द सुटा करून दाखवत होते, क, म, ळ, तर पुढच्याच ओळीतली एक चिमुरडी माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी बघत बसलेली. मला वाटलं पाल आली असेल. विचारलं तर म्हणाली, बाई, ते निळं फुलपाखरू पडणारे. पंखा चालू होता, फुलपाखरू गरगर फिरत होतं आणि खरंच त्याचा दोरा सुटत आला होता. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हलणाऱ्या वस्तूकडे डोळा जाणारच, आणि ती वस्तू तिथं मीच टांगली होती.

तेव्हापासून वाचत गेले, वर्गात एकेक करून बघत गेले, आणि जे खरंच उपयोगी पडलं ते इथं लिहितेय, कारण नवीन वर्ष सुरू होताना आपल्यापैकी बरेच जण पुन्हा तेच करणार आहेत जे मी केलं होतं.

आधी थोडं अभ्यासाबद्दल. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ शिकवले, तीन भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि तीन मोकळ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ पाठ सोडून भलतीकडे गेला, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. पाठ झाल्यावर प्रश्न विचारले तेव्हा मोकळ्या खोलीत शिकलेल्या पाठांची ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीतल्या पाठांची ४२ टक्के. म्हणजे मोकळ्या खोलीतही मुलं इकडेतिकडे बघतातच, शेजारच्याशी खेळतात, स्वतःच्या बटणाशी खेळतात, ते होणारच, पण एकूण वाया जाणारा वेळ कमी होतो. आता कुणी म्हणेल २४ मुलं म्हणजे काय मोठं, बरोबर आहे, पण २०१८ मध्ये पोर्तुगालमध्ये ८ ते १२ वयाच्या ६४ मुलांवर वेगळ्या पद्धतीनं केलेल्या अभ्यासातही भोवती खूप चित्रं असली की लक्ष आणि आठवण या दोन्हीच्या चाचण्यांत मुलं मागं पडताना दिसली. आणि आपण म्हणतो ना की मुलांना आठवड्याभरात सवय होते, तर पिट्सबर्गवाल्यांनी नंतर तेही तपासलं, सवय थोडीफार होते पण पूर्ण होत नाही.

पण याचा अर्थ वर्ग कोरा ठेवा असा अजिबात नाही. इंग्लंडमध्ये १५३ वर्गांचा मोठा अभ्यास झाला, त्यात अति भरलेला वर्ग जसा बरा नाही तसा अगदी ओकाबोका वर्गही बरा नाही असं दिसलं, आणि त्यांनी ढोबळ माप दिलं की भिंतीची २० ते ५० टक्के जागा मोकळी ठेवा. आपल्याकडे तर हे जास्तच लक्षात ठेवावं लागतं, कारण माझ्या वर्गातल्या अर्ध्याअधिक घरांत कॅलेंडर सोडलं तर छापील अक्षर नाही, मुलाला अक्षरं भेटतात ती शाळेतच. त्यामुळे अक्षरं काढून टाकायची नाहीयेत, ती कधी आणि कुठं दिसावीत हे ठरवायचंय.

आता कामाला लागू. सगळ्यात पहिलं म्हणजे खाली बसा. खरंच बसकर पट्टीवर मांडी घालून बसा, शेवटच्या ओळीत, जिथं सगळ्यात बारकं पोर बसतं तिथं, आणि त्याच्या डोळ्याच्या उंचीवर मोबाईल धरून फळ्याचा फोटो काढा. फोटो काळा-पांढरा करून बघा, रंग गेला की खरी गर्दी दिसते. मग फोटोत फळा सोडून आणखी किती वस्तू आल्यात ते मोजा. माझ्या फोटोत ४३ आल्या होत्या, त्यात झाडू, घंटा, दोन वर्षांपूर्वीच्या गॅदरिंगचा बॅनर, कपाटावर ठेवलेली तुटकी खुर्ची हे सगळं. आपण उभं राहून शिकवतो त्यामुळे आपल्या पाठीमागची, फळ्याची भिंत आपल्याला कधी दिसतच नाही, आणि मुलं दिवसातले पाच-सहा तास तीच बघतात.

दुसरं काम एक आठवडा चालेल आणि हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. प्रत्येक तक्त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलनं एक छोटी चौकट काढा, आणि कुणीही मूल काही लिहिताना-वाचताना अडून त्या तक्त्याकडे बघायला गेलं, बोट लावून बघितलं, की त्या चौकटीत एक रेघ मारा. आपण दाखवलं म्हणून बघितलं ते धरायचं नाही, स्वतःहून गेलं तेवढंच. माझ्याकडे ३१ तक्ते होते, आठवड्याच्या शेवटी फक्त चारांवर रेघा होत्या. मुळाक्षरांचा, बाराखडीचा, १ ते १०० ची चौकट, आणि चौथा वाढदिवसांचा तक्ता. हा शेवटचा मला अपेक्षितच नव्हता, पण पोरं रोज जाऊन स्वतःचं नाव आणि मित्राचं नाव वाचत होती, आपला वाढदिवस किती लांब आहे ते मोजत होती, म्हणजे वाचनही झालं आणि गणितही. तो ठेवला, मोठा करून ठेवला. "वाहतुकीचे नियम" वर एकही रेघ नव्हती, आमच्या गावात सिग्नलच नाही.

मग उतरवायला घ्या. माझा क्रम असा होता आणि तोच सांगेन.

आधी हलणारं सगळं. छताची तोरणं, पताका, दोऱ्यावरची कार्डं, फिरती चक्रं. पंखा लागला की हे सगळं नाचतं, आणि फक्त एवढं एकच काम केलंत तरी फरक पडेल. मग चकाकणारं, म्हणजे लॅमिनेशन केलेले तक्ते आणि फ्लेक्स, दुपारी खिडकीचं ऊन त्यावर पडून डोळ्यात येतं आणि अक्षरं दिसतच नाहीत. मग खिडक्यांवर चिकटवलेलं, कारण लाईट गेली की त्या खिडकीचाच उजेड असतो. आणि शेवटी फळ्याच्या भिंतीवरचं.

फळ्याची भिंत पूर्ण मोकळी ठेवायची, हा एक नियम मी सोडत नाही. फळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन हात काही नाही. फळ्याच्या डोक्यावरचा सुविचार, पाढ्यांची पट्टी, घड्याळ, सगळं बाजूच्या नाहीतर मागच्या भिंतीला. महापुरुषांच्या तसबिरींचा प्रश्न नाजूक असतो, त्या परस्पर हलवू नका, गावात गैरसमज होतो आणि ते बरोबरही आहे, लोकांच्या भावना असतात. मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला, सगळ्यांना खाली बसवून फोटो दाखवला, आणि त्यांनीच ठरवलं की बाजूच्या भिंतीवर एका सरळ ओळीत, एका उंचीवर, पुसून, नवीन खिळे मारून लावू. आधी त्या चार ठिकाणी वाकड्यातिकड्या होत्या, आता जास्त मानानं लागल्यात.

फळ्यावरचीही गर्दी काढायची असते हे मला उशिरा कळलं. तारीख, वार, पट, हजर, गैरहजर, सुविचार, दिनविशेष, म्हणी, आजची भाजी, यात फळ्याचा तिसरा हिस्सा जातो आणि उरलेल्यात आपण कमळ लिहितो. दाराजवळ एक छोटा फळा लावा आणि परिपाठाचं सगळं त्यावर. मोठ्या फळ्यावर एका वेळी एकच गोष्ट, ती झाली की ओल्या फडक्यानं पूर्ण पुसायची, डस्टरनं पुसलं की मागचं भुतासारखं दिसत राहतं आणि नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला त्यातलं नवं कुठलं नि जुनं कुठलं कळत नाही. फळा पांढरट पडला असेल तर काळा रंग मारून घ्या, पण बिनचमकीचा.

उतरवलेलं फेकू मात्र नका. मी तीन गठ्ठे केले. पहिला रोज लागणारा, तो भिंतीवर. दुसरा त्या त्या पाठापुरता लागणारा, म्हणजे ऋतू, पक्षी, नाणी-नोटा, तो गुंडाळून पिंपात उभा, वरच्या टोकाला नाव लिहून, पाठाच्या दिवशी काढायचा आणि पाठ संपला की परत आत. आणि याचा अनुभव सांगते, आधी पक्ष्यांचा तक्ता वर्षभर भिंतीवर होता तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं, आता तो पिंपातून निघाला की सगळी पोरं पुढं सरकून बसतात. तिसरा गठ्ठा शोभेचा, तो वर्गाबाहेर.

तर बाहेरबद्दल. बोलक्या भिंती, म्हणजे भिंतींवरच अक्षरं-चित्रं रंगवून त्यांतून शिकवायचं, ही कल्पना मला आजही आवडते, भिंती बोलाव्यातच, फक्त मी आणि मुलं बोलत असताना त्यांनी मध्ये बोलू नये. त्यांची जागा वऱ्हांडा, पायऱ्या, कंपाउंडची आतली बाजू, पाण्याच्या टाकीची भिंत. मधल्या सुट्टीत पोरं तिथंच असतात, मोकळी असतात, तिथं बाराखडी वाचतात, पायऱ्यांवरचे अंक म्हणत उड्या मारतात. इमारतीतूनच शिकायचं ही 'बाला'ची मूळ कल्पनाही अशीच आहे, कबीर वाजपेयी आणि त्यांच्या 'विन्यास' या संस्थेनं मांडलेली, त्यात दार उघडताना जमिनीवर कोन दिसावा, खिडकीच्या गजांवर बोट फिरवून वळण गिरवता यावं, असल्या हाताळायच्या गोष्टी आहेत. साताऱ्याच्या कुमठे बीटमधून (बीट म्हणजे शाळांचा एक गट) ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलानं स्वतः करून बघत शिकायचं, काम राज्यभर पोचलं तेव्हाही मुलं जमिनीवर बसून साहित्य हाताळत होती हा त्यातला जीव होता, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तिथून फक्त फरशीवरचा ऑइल पेंट उचलला. मीही तेच केलं होतं, फरशीवर आठ आकृत्या रंगवून घेतल्या, पोरं त्यांच्यावर बसायची त्यामुळे त्या दिसायच्याच नाहीत, आणि मोकळ्या जागेतल्या दिसायच्या त्या कामाच्या नव्हत्या. आता त्या जागी साधी फरशी आहे आणि लागेल तेव्हा खडूनं आखते.

पालकांसाठीचे आणि कार्यालयीन फलकही बाहेर न्या. पोषण आहाराचा मेनू, समितीच्या सदस्यांची यादी, १०९८ चाइल्ड हेल्पलाइन, तक्रारपेटी, हे सगळं वऱ्हांड्यात दिसलं पाहिजे, उलट तिथंच ते पालकांना दिसतं.

आता अडचण म्हणजे भिंतीवरच ऑइल पेंटनं रंगवलेलं असतं ते, ते उतरवणार कसं. पैसे असतील, लोकवर्गणी जमली असेल, तर रंगवून घ्या, पण एक काळजी घ्या, ऑइल पेंटवर थेट डिस्टेंपर मारला तर वर्षभरात पोपडे निघतात, आधी पॉलिश पेपरनं घासून, पुसून, प्रायमर मारून मगच. रंग एकच फिका घ्या, सगळ्या भिंतींना तोच, आणि हवाच असेल तर मागच्या भिंतीला थोडा गडद. पैसे नसतील तर मांजरपाट. मी फळ्याच्या दोन्ही बाजूंच्या चित्रांवर स्प्रिंगची तार ओढून मांजरपाटाचे साधे पडदे लावले, गावातल्या एका ताईंनी शिवून दिले. लागेल तेव्हा पडदा सरकवून चित्र दाखवता येतं. हेच उघड्या रॅकला. गणित पेटी, भाषा पेटी, डबे, खोके, चिकटपट्ट्या, हे उघडं दिसलं की मुलांचे हात तिकडेच, आणि पडदा टाकला की पाच मिनिटांत सगळे विसरतात. पडद्यावर नक्षी नको, मी आधी घरातली फुलाफुलांची चादर लावली होती, तीच परत एक चित्र होऊन बसली.

साहित्य काढताना एका गटाला एक ट्रे. दशक शिकवायचंय तर ट्रेमध्ये दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या एवढंच, मणी नको, नोटा नको, पुढच्या आठवड्याची कार्डं नको. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं असल्या आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं, त्यामुळे साहित्य महाग आणि रंगीत असलं तरच मूल शिकतं असं मला वाटत नाही. चिंचोके मुठीत धरून मोजणारं पोर बघितलंय ना, त्याला दुसरं काही दिसत नसतं.

जोडवर्ग असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. आमच्याकडे पहिली आणि दुसरी समोरासमोर बसायची, म्हणजे पहिलीच्या मुलाच्या नजरेत फळा आणि फळ्याशेजारी दुसरीची नऊ तोंडं. मी त्यांना काटकोनात बसवलं, पहिली मोठ्या फळ्याकडे, दुसरी बाजूच्या भिंतीवरच्या तळफळ्याकडे, आणि दुसरीचे तक्ते दुसरीच्याच भिंतीला. आता मी एका गटाशी बोलत असले तर दुसऱ्या गटाची निदान नजर तरी आपल्या कामावर राहते, कान काय, ते येणारच इकडे.

टीव्ही वापरत नसाल तेव्हा मेन स्विचवरून बंद करा आणि वर कापड टाका, नुसता रिमोटनं बंद केला तर लाल दिवा लुकलुकत राहतो. दप्तरं भिंतीला टेकवून, चपला बाहेर ओळीत, तांदळाची पोती वर्गात ठेवावी लागत असतील (आमच्याकडे ठेवावी लागतात, वेगळी खोलीच नाही) तर मुलांच्या पाठीमागं, समोर नाही.

एवढं सगळं काढलं म्हणून मुलांचं काम काढायचं नाही. एक भिंत त्यांची, मागची. तिथं एक दोरी, मुलांच्या हाताला येईल इतक्या खाली, आणि कपड्याचे चिमटे, प्रत्येकाचं एकच काम, चित्र असो, पाच ओळी असोत, नाहीतर नुसतं स्वतःचं नाव. दर शनिवारी मूल स्वतः बदलतं, जुनं त्याच्या फाइलमध्ये जातं. घोटीव कागदाची फुलं जेवढी छान दिसतात तेवढं हे दिसत नाही, वाकडी अक्षरं, पुसलेले डाग, पण पालक आले की सरळ त्या दोरीकडे जातात आणि आपल्या पोराचा कागद शोधतात.

दिव्यांग मुलं वर्गात असतील तर हे सगळं जास्तच मनावर घ्या. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना भिंतीवरची गर्दी इतर मुलांपेक्षा जास्त ओढते असं अभ्यासात दिसलंय. आणि कमी दिसणाऱ्या मुलाला मोकळ्या पार्श्वभूमीवर एकच मोठं अक्षर असलं तर ते सापडतं, दहा चित्रांच्या मध्ये असलं तर सापडत नाही, आणि ते मूल तसं सांगतही नाही, गप्प बसतं.

शेवटी, भेटीला येणाऱ्यांचा प्रश्न. मला एकदा एका भेटीत सरळ विचारलं गेलं की मॅडम, वर्ग असा रिकामा का, उपक्रम होत नाहीत का? त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, वाईट वाटलं, घरी येऊन रडलेही. पुढच्या वेळेसाठी तयारी केली. एका फाइलमध्ये आधीचा फोटो, नंतरचा फोटो, तक्त्यांवरच्या रेघांची नोंद, आणि पिंपात काय काय आहे त्याची यादी. आणि येणाऱ्यांना विनंती करा की साहेब, दोन मिनिटं मुलांच्या जागेवर खाली बसून बघा. आमच्याकडे पुढच्या भेटीला आलेले साहेब बसले, मुलांनी त्यांना फळ्यावरचं वाचून दाखवलं, मग त्यांनी पिंपातला एक तक्ता काढायला सांगितला आणि पोरांनी नाव वाचून बरोबर काढून दिला. स्पर्धांसाठी सुशोभन लागतंच, ते नाकारू नका, वऱ्हांडा आणि आवार रंगवा, गुण तिथंही मिळतात.

आणि गर्दी परत येते हे धरून चाला. १५ ऑगस्टच्या पताका, शिक्षक दिनाची कार्डं, सरस्वती पूजनाचं तोरण, २६ जानेवारीचे फुगे, एकेक येत जातं आणि राहून जातं. मी कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी पोरांकडूनच उतरवून घेते, त्यांना ते लावण्याइतकंच आवडतं. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर शेवटच्या ओळीत बसून तोच फोटो परत काढते. मागच्या शनिवारी फळा सोडून सात वस्तू आल्या, त्यातली एक माझी पर्स होती, ती आता कपाटात जाते.